वाचकांचे प्रश्न : जुन्या छायाचित्रातील ती स्त्री

गेल्या अंकात आम्ही अमेरिकन चित्रकर्ती बार्बरा क्रूगर यांच्या १९८९ च्या एका भित्तिपत्रकावर छोटे टिपण छापले होते. गर्भपाताच्या कायदेशीर हक्कासाठी निघालेल्या मोर्चासाठी केलेले ते पत्रक एका जुन्या, सापडलेल्या छायाचित्रावर उभे आहे, एवढाच त्या टिपणाचा मुद्दा होता. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आल्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रांतील आवश्यक तेवढाच भाग येथे घेतला आहे.

प्रश्न : क्रूगर यांच्या पत्रकातील स्त्री कोण आहे? आणि आपल्या काळातल्या प्रश्नावर बोलू पाहणाऱ्या चित्रकर्तीने कोणाचा तरी जुना फोटो का घ्यावा? नवा काढता आला नसता का? — एक वाचक, नागपूर

पत्रकावर त्या स्त्रीचे नाव नाही, आणि नाव नसणे हा त्या कृतीचाच भाग आहे. समोर रोखून पाहणारा, रेखीव, जाहिरातीत शोभेल असा चेहरा आहे. तो बरोबर मधोमध उभा दुभंगलेला आहे. डावा अर्धा नेहमीसारखा दिसतो आणि उजवा अर्धा निगेटिव्हमध्ये, म्हणजे केस पांढरे, त्वचा काळी, असा. कपाळावर, नाकावर आणि हनुवटीवर लाल पट्ट्यांत पांढरी अक्षरे आहेत : तुझे शरीर ही रणभूमी आहे. ९ एप्रिल १९८९ रोजी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोर्चासाठी हे पत्रक होते. त्याच महिन्याच्या २६ तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वेबस्टर खटल्याची सुनावणी व्हायची होती, आणि १९७३ मध्ये रो खटल्याने मान्य केलेला गर्भपाताचा हक्क तेथे आखडला जाईल ही भीती रास्तच होती. ३ जुलैला लागलेल्या निकालाने राज्यांना निर्बंध घालण्याची बरीच मोकळीक दिली.

नवा फोटो का काढला नाही, याचे उत्तर क्रूगर यांच्या आधीच्या नोकरीत सापडते. त्यांनी काही वर्षे स्त्रियांच्या मासिकांत मांडणीकाराचे काम केले होते. आलेला फोटो कोठे कापायचा, त्यावर मथळा कोठे बसवायचा, कोणता चेहरा वाचकाला थांबवतो, हे सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले होते. स्त्रीने कसे दिसावे हे मासिकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले, आणि त्या शिकवणीचे साधन छायाचित्र हेच होते. नवा फोटो पाहताना आपण ही बाई कोण आणि तिची हकीकत काय असे विचारतो. पन्नाशीच्या दशकातील साबणाच्या जाहिरातीतला चेहरा पाहताना मात्र, हिला असे बसायला, असे हसायला कोणी सांगितले, हा प्रश्न आधी मनात येतो. काळ लोटला की त्या बसण्याहसण्यातला बेतलेपणा उघडा पडतो, आणि क्रूगर यांना तोच हवा होता.

मला स्वतःला त्या पत्रकातील शब्दांपेक्षा निगेटिव्हचा अर्धा भाग अधिक बोलका वाटतो. ज्या एका काचेवरून किंवा फिल्मवरून हव्या तितक्या प्रती काढता येतात ती ही निगेटिव्ह. मराठीत ‘पुनरुत्पादन’ हा एकच शब्द आपण प्रती काढण्यालाही वापरतो आणि मूल होण्यालाही. हे भित्तिपत्रक मराठी माणसाने केले असते तर हा श्लेष त्याच्या हातून सुटला नसता.

प्रश्न : मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. जुन्या बाजारात मला डोहाळजेवणाचा एक स्टुडिओत काढलेला फोटो मिळाला. गर्भपाताच्या हक्कावरील माझ्या कोलाजमालिकेत तो वापरून, मुलीचा चेहरा खरवडून काढावा आणि त्या जागी प्रसूतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकातील आकृती चिकटवावी असा विचार आहे. माझ्या मार्गदर्शकांना हे पसंत नाही. फोटोची प्रत सोबत पाठवत आहे. — एक वाचक, पुणे

आपल्या मार्गदर्शकांचा आक्षेप नेमका काय आहे हे आपण लिहिलेले नाही. तरीही प्रत पाहिल्यावर मी त्यांच्याच बाजूचा झालो आहे.

आधी फोटोच नीट पाहू. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असावी. फुलांची वाडी भरलेली आहे, उजव्या हातात फुलांनी मढवलेले धनुष्य आहे, आणि मागे आरसा असा तिरपा ठेवला आहे की पाठीवरची फुलांची वेणीही चित्रात यावी. साडी हिरवी असणार, पण फोटोत ती जवळजवळ काळी उतरली आहे. चेहऱ्यावर आनंद वाचावा तर आनंद दिसतो, धास्ती वाचावी तर धास्ती दिसते, कारण बराच वेळ न हलता बसवलेल्या माणसाचा चेहरा असाच येतो. डाव्या हाताची करंगळी मात्र धूसर आहे. झडप उघडी असताना ती हलली. सबंध चित्रात त्या मुलीने आपण होऊन केलेली एवढी एकच गोष्ट दिसते.

तिला ते मूल हवे होते की नको होते, हे या फोटोवरून कोणालाही सांगता येणार नाही. कदाचित ती त्या दिवशी हरखून गेली असेल. आपण तिचा चेहरा खरवडून तेथे आकृती चिकटवता तेव्हा तिच्या वतीने एक उत्तर देऊन मोकळ्या होता, आणि उत्तर दुसऱ्याने देणे हेच तर आपल्या मालिकेचे दुखणे आहे. शिवाय प्रसूतिशास्त्राच्या त्या पुस्तकांत स्त्री बहुधा मानेपासून मांडीपर्यंतच काढलेली असते. डोके नसलेली ती आकृती डोक्याच्या जागी लावली म्हणजे पुस्तकाने जे एकदा केले तेच आपल्या हातून पुन्हा घडते. हे उपरोधाने केले आहे असे आपण म्हणाल, पण पाहणाऱ्याला भिंतीवर चेहरा पुसलेली मुलगीच दिसेल.

खात्रीने सांगता येते ती गोष्ट वेगळी आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३१२ प्रमाणे गर्भपात करवणे हा गुन्हा होता, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्यात आरोपी ठरत असे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. ही मुलगी नऊवारीत, वाडी भरून आरशापुढे बसली तेव्हा तिच्या इच्छेची विचारपूस करणारी कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नव्हती. तिला कोणी विचारले नाही एवढे विधान आपण निःशंकपणे करू शकता, आणि कलाकृतीला तेवढे पुरेसे आहे.

अमेरिकेत घडलेली एक गोष्ट अशा कामाला हात घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी. १९६४ मध्ये कनेक्टिकट राज्यातील एका मोटेलच्या खोलीत बेकायदा गर्भपाताच्या प्रयत्नात एक तरुण आई रक्तस्राव होऊन मरण पावली. पोलिसांनी तिच्या मृतदेहाचा फोटो काढला : विवस्त्र, गुडघ्यांवर पालथी पडलेली, तोंड जमिनीकडे. एप्रिल १९७३ मध्ये ‘मिस’ या स्त्रीवादी मासिकाने तो नाव न देता छापला, आणि पुढे वर्षानुवर्षे तो मोर्चांतील फलकांवर मिरवला गेला. मासिकातील फोटो तिच्या बहिणीने ओळखला. मुलींना मात्र आई मोटार अपघातात गेली असे सांगितलेले होते. त्या फोटोने जनमत ढवळून काढले यात शंका नाही, आणि तो छापू नये असे त्या काळी मी म्हटले असते की नाही हे मला आजही ठरवता येत नाही. मात्र तो फोटो काढताना, छापताना आणि फलकावर लावताना तिचा किंवा तिच्या माणसांचा शब्द कोणी घेतला नव्हता. निनावी फोटो म्हणजे बेवारस फोटो असे आपण धरून चालतो. जुन्या बाजारातल्या गठ्ठ्यातील मुलीलाही नातवंडे, पतवंडे असू शकतात, आणि ती आपल्या प्रदर्शनाला येऊ शकतात.

मग करावे काय? मूळ प्रतीला हात लावू नये. काम छापील नकलेवर करावे. चेहरा तसाच ठेवून आरशाचा उपयोग करून पाहावा, कारण त्या छायाचित्रकाराने आपल्यासाठी एक जागा आयती मोकळी ठेवली आहे. समोरून मुलगी दिसते आणि आरशात फक्त तिचे नटवणे दिसते. कलम ३१२ चा मजकूर त्या आरशात उलटा, आरशातल्यासारखाच छापला तर? किंवा हलणारी करंगळी तेवढी मोठी करून शेजारी लावली तर? हे केवळ मासल्यादाखल सांगितले. आपल्याला याहून चांगले सुचेल.

आणखी एक वाट आहे. बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात केलेल्या मालिकेत, वसाहतकाळातील मानववंशशास्त्रीय फोटोंतल्या स्त्रियांच्या जागी त्या स्वतः उभ्या राहिल्या. मागचा चौकटींचा पडदा, मोजमाप घ्यावे तसे उभे राहणे, सारे जुन्याबरहुकूम, पण शरीर स्वतःचे. त्या मालिकेचा विषय गर्भपात नव्हे. पद्धत मात्र आपल्या उपयोगाची आहे. वाडी भरून, आरसा मांडून आपण स्वतः बसलात तर संमतीचा प्रश्न उरत नाही. तेवढा वेळ स्तब्ध बसणे कसे असते हेही कळेल.

प्रश्न : गर्भपाताला विरोध करणारेही छायाचित्रच वापरतात, गर्भाचे. मग छायाचित्र कोणत्या बाजूचे? — एक वाचक, कोल्हापूर

हा सामना अगदी शब्दशः घडलेला आहे. १९९० मध्ये ओहायोतील कोलंबस शहरात वेक्सनर कला केंद्रासाठी क्रूगर यांनी तेच चित्र रस्त्यावरील मोठ्या जाहिरातफलकावर लावले, आणि काही तासांतच गर्भपातविरोधी गटाने शेजारच्या फलकावर आठ आठवड्यांच्या गर्भाचे चित्र चढवले. येणाऱ्याजाणाऱ्याला दोन्ही एका नजरेत दिसत. एकीकडे गर्भाशिवाय स्त्री आणि दुसरीकडे स्त्रीशिवाय गर्भ.

त्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांचे मूळ बहुतेकदा ३० एप्रिल १९६५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात शोधले जाते. स्वीडनचे छायाचित्रकार लेनार्ट निल्सन यांनी काढलेली गर्भाची रंगीत छायाचित्रे त्यात आली होती. काळ्या पार्श्वभूमीवर, अंतराळात तरंगावा तसा गर्भ. पाहणाऱ्याला ती जिवंत गर्भाची, आईच्या पोटातली छायाचित्रे वाटली. वस्तुतः त्यातील एक वगळता बाकीचे गर्भ वैद्यकीय कारणांनी शरीराबाहेर काढलेले होते, आणि साप्ताहिकाने ते सांगितलेही होते. चित्राच्या प्रभावापुढे तो मजकूर कोणाच्या लक्षात राहिला नाही. पुढे हीच प्रतिमा गर्भपातविरोधी प्रचाराचे बोधचिन्ह बनली, आणि ती जेथून आली ते गर्भाशय, ज्या स्त्रीचे ते होते ती स्त्री, चौकटीत कधी आलीच नाही.

म्हणून छायाचित्र कोणत्या बाजूचे, यापेक्षा चौकटीबाहेर कोण राहिले हे विचारले तर हाती अधिक लागते. आज जी चित्रकार या विषयावर काम करते तिच्या दृष्टीने निल्सन यांची चित्रेही आता जुनी छायाचित्रेच आहेत, आणि ती विरोधकांची म्हणून सोडून देण्यात मला शहाणपणा दिसत नाही. उलट त्यांच्या कडेची ती काळी जागा हीच खरी वापरण्याजोगी आहे.

प्रश्न : येथील जुन्या वस्तूंच्या दुकानात मला पत्र्यावरचा एक लहानसा फोटो मिळाला. मांडीवर बाळ आहे, पण मांडी ज्या व्यक्तीची आहे ती डोक्यापासून पायापर्यंत कापडाने झाकलेली आहे. दुकानदार म्हणाला, बाळ मृत आहे. हे खरे का? — एक वाचक, न्यू जर्सी

दुकानदाराने किंमत वाढवण्याचा नेहमीचा उपाय केला आहे. आपल्याकडे आहे तो टिनटाइप, लोखंडाच्या पातळ पत्र्यावर थेट उमटवलेला फोटो. त्याला निगेटिव्ह नसते, त्यामुळे आपल्या हातात आहे तीच एकमेव प्रत. काही सेकंद स्थिर राहावे लागे आणि बाळ स्थिर राहत नाही, म्हणून आई किंवा दाई त्याला धरून बसे आणि फोटो फक्त बाळाचा यावा म्हणून तिच्यावर कापड टाकत. पुढे अंडाकृती चौकटीत बसवला की कापडही झाकले जाई. बाळाला धरून ठेवावे लागले हेच ते जिवंत असल्याचे लक्षण आहे.

लिंडा फ्रेनी नाग्लेर या कलावतीने असे फोटो वर्षानुवर्षे जमवले आणि २०१३ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांपैकी ९९७ एकत्र मांडले. एक फोटो गमतीचा वाटतो. हजाराच्या घरात गेल्यावर गंमत संपते. आधीच्या पत्रातील निल्सन यांच्या चित्रांसोबत आपला पत्रा ठेवून पाहावा. शंभर वर्षांच्या अंतराने तीच खटपट दिसेल, मूल दाखवायचे आणि त्याला धरणारी दाखवायची नाही. तरीही एक सावधगिरी हवी. त्या आईवर कापड कोणी जबरदस्तीने टाकले असे समजू नये. दूरच्या नातेवाइकांना बाळाचा फोटो पाठवायची हौस बहुधा तिचीच असणार.

प्रश्न : या विषयाचे मराठी छायाचित्रांत काही सापडते का? ‘समाजस्वास्थ्य’ची मुखपृष्ठे आणि आनंदीबाई जोशी यांचा प्रसिद्ध फोटो एकत्र करून एक भित्तिचित्र करावे असे मनात आहे. — एक वाचक, ठाणे

सापडते, पण या दोन गोष्टी एका भिंतीवर आणताना जपावे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. मुखपृष्ठावर अनावृत स्त्रीचे चित्र असे. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे हे कर्वे यांना ठासून सांगायचे होते, आणि स्त्रीला कामसुखाचा व मूल नाकारण्याचा हक्क आहे हे त्या काळात त्यांच्याइतके स्पष्ट कोणी लिहिले नाही. तरी मुखपृष्ठावरील स्त्री एका पुरुषाच्या युक्तिवादाचे चित्र म्हणून तेथे आहे, हे विसरता येत नाही. नुसती मुखपृष्ठे मोठी करून लावली तर ती शोभेची होतील. त्यांच्याशेजारी आतली पाने हवीत, विशेषतः प्रश्नोत्तरे. १९३४ मध्ये कर्वे यांच्यावर जो खटला झाला आणि ज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता. हे सदर लिहिताना त्याची आठवण अधूनमधून होते.

आनंदीबाईंचा फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला. साडीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेली ही मुलगी फोटोच्या पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, एम. डी. झाली, आणि तिने प्रबंधासाठी विषय घेतला तो हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्राचा. वर ज्या स्त्रियांबद्दल लिहिले त्यांच्यात आणि आनंदीबाईंच्यात मोठा फरक हा की त्यांचे स्वतःचे शब्द शिल्लक आहेत, पत्रे आहेत, प्रबंध आहे. तेव्हा आजची घोषणा त्यांच्या तोंडी घालण्याचे कारण नाही. गर्भपाताच्या हक्काबद्दल त्या काय म्हणाल्या असत्या हा आपल्या कल्पनेचा खेळ होईल. भिंतीवर त्यांचे अक्षर लावावे.

प्रश्न : जुना फोटो कलाकृतीत वापरताना कायद्याचे काय? — एक वाचक, मडगाव

कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार मला नाही, पण मोटामोटी चित्र असे आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतात छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षे चालतो. त्याआधी ही मुदत छायाचित्र प्रसिद्ध झाल्यापासून मोजत, त्यामुळे फार जुन्या फोटोंचा हक्क बहुधा संपलेला असतो. याच कायद्यातील दुसरी तरतूद मला अधिक लक्षणीय वाटते. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढवून घेणारा. स्टुडिओचे पैसे बहुधा वडिलांनी, सासऱ्याने किंवा नवऱ्याने दिले असतील. फोटोत जी बसली आहे तिचा त्यावर मालक म्हणून कोठेच उल्लेख नाही.

परदेशातील एक निवाडा पाहण्यासारखा आहे. जर्मन छायाचित्रकार टॉमस हप्केर यांनी १९६० मध्ये काढलेला, भिंगातून पाहणाऱ्या एका स्त्रीचा फोटो क्रूगर यांनी १९९० च्या आपल्या एका कृतीत वापरला होता. छायाचित्रकाराने स्वामित्वहक्कासाठी आणि फोटोतील स्त्रीने स्वतःच्या खाजगीपणासाठी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. २००२ मध्ये न्यायालयाने दोघांचेही दावे फेटाळले, आणि त्या स्त्रीच्या बाबतीत कलाकाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे पारडे जड ठरले. कलाकार म्हणून मला हा निकाल बरोबर वाटतो. पण स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्या कृतीविरुद्ध खुद्द फोटोतल्या स्त्रीलाच कोर्टाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट मनातून जात नाही.

पुण्याच्या वाचक भगिनींनी फोटोची फक्त पुढची बाजू पाठवली आहे. अशा फोटोंच्या पुठ्ठ्यावर मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीने प्रतींचा आकडा असतो, आणि क्वचित कोपऱ्यात नावही असते. कात्री घेण्यापूर्वी ती बाजूही स्कॅन करून पाठवावी.